कुत्र्याच्या वाटीतला इतिहास

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कुत्र्याला काय खायला घालावं, हा प्रश्न आपल्या आज्यांना कधी पडला नाही. रात्री सगळ्यांची जेवणं आटोपली, की उरलेली भाकरी, भाताची खरवड, ताकाच्या भांड्याचा तळ असं सगळं एका पोचे आलेल्या थाळीत पडायचं आणि थाळी मागच्या दारी जायची. कुत्रा ती इतकी लख्ख करायचा की घासायला नको. आज ज्या घरात लॅब्रेडॉर किंवा पग येतो, त्या घरातलं पहिलं भांडण नेमकं याच थाळीवरून होतं. जनावरांचे डॉक्टर सांगतात, पाकिटातलं घाला, त्यात सगळं मोजून घातलेलं असतं. शेजारचा एखादा जाणकार सांगतो, कुत्रा म्हणजे मुळात लांडगा, त्याला कच्चं मांस हवं, धान्य त्याला विषच. आणि घरातली म्हातारी माणसं म्हणतात, आमच्या वेळी दूध-पोळीवर चौदा-चौदा वर्षं जगले की! त्यात घर शाकाहारी असलं तर विचारूच नका.

मी कविता लिहिणारा, कला शाखेचा पदवीधर. औषधं लिहून देण्याचा मला अधिकार नाही. पण श्रोतेहो, या भांडणातली गंमत अशी, की तिन्ही पक्ष आपापल्या बाजूनं इतिहासाचीच साक्ष काढत असतात. मुळात तो लांडगा होता, हा एक इतिहास. पूर्वी पोळी खायचा, हा दुसरा. आता विज्ञान पुढे गेलं, हा तिसरा. तेव्हा ही साक्ष एकदा नीट तपासून बघायला हरकत नाही.

आधी लांडग्याची गोष्ट. कुत्रा लांडग्याच्या वंशातला, यात वाद नाही. जर्मनीत बॉन शहराजवळ ओबरकासेल इथे १९१४ मध्ये दगडाच्या खाणीत काम करणाऱ्यांना एक थडगं सापडलं. सुमारे १४ हजार वर्षांपूर्वीचं. त्यात एक पुरुष होता, एक स्त्री होती आणि त्यांच्यासोबत एक कुत्रा. त्या कुत्र्याच्या दातांचा बारकाईनं केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. दातांवरच्या खुणांवरून दिसलं, की पिल्लू असताना त्याला डिस्टेंपर हा भयंकर आजार झाला असावा. अशा आजारात ते आठवडेच्या आठवडे तगलं, ते कुणीतरी जपल्याशिवाय शक्य नव्हतं, असं संशोधकांचं म्हणणं. म्हणजे शेतीचा अजून पत्ता नव्हता, तेव्हा कुणीतरी त्या पिल्लाचं तोंड पुसलं असेल, त्याच्यासमोर पाणी धरलं असेल. शिकारीला निरुपयोगी असलेल्या आजारी पिल्लाला खाऊ घातलं असेल. कुत्र्याच्या वाटीचा सगळ्यांत जुना पुरावा मला तरी हाच वाटतो.

पुढे माणूस शेती करू लागला आणि धान्य खाऊ लागला. कुत्र्याचं काय झालं? याचं उत्तर स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातले एरिक अ‍ॅक्सेलसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दिलं. त्यांनी १२ लांडगे आणि १४ जातींचे ६० कुत्रे यांची जनुकं ताडून पाहिली. पिठूळ अन्न पचवायला अमायलेज नावाचा पाचकरस लागतो. तो तयार करणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात. कुत्र्यात निघाल्या चारपासून तीसपर्यंत! पुढे २०१६ मध्ये जुन्या हाडांतल्या डीएनएवरून असं दिसलं, की हा बदल निदान सात हजार वर्षांपूर्वी, शेतकऱ्यांच्या वस्त्यांवरच्या कुत्र्यांत सुरू झालेला होता. उलट जिथे शेती पोचलीच नाही, तिथला ऑस्ट्रेलियाचा डिंगो याबाबतीत लांडग्यासारखाच राहिला आणि बर्फाळ मुलखातल्या हस्की कुत्र्यांतही या प्रती कमीच. माणसानं भाकरी थापली आणि ती कुत्र्याच्या रक्तात उतरली, असं मी म्हटलं तर कवीची अतिशयोक्ती समजू नका. ‘धान्य म्हणजे विष’ हा दावा इथेच निकालात निघतो.

लेखी पुरावाही असाच बोलतो. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात वॅरो या रोमन लेखकानं शेतीवर पुस्तक लिहिलं. त्यात मेंढ्यांच्या राखणदार कुत्र्याला जवाची भाकर द्यावी, पण ती दुधात भिजवून द्यावी, असं तो बजावतो. त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी कॉल्युमेला आणखी पुढे जातो. जवाचं पीठ दुधाच्या निवळीत कालवा. दूध नसेल तर गव्हाची भाकर घेवड्यासारख्या कडधान्याच्या उकळलेल्या पाण्यात भिजवा, आणि ते पाणी कोमट असू द्या. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा रोमन शेतकरी एखाद्या धनगराच्या वाड्यावर आला असता, तर ताकात कुस्करलेली भाकरी बघून त्याला अगदी घरच्यासारखं वाटलं असतं. यातली मेख मात्र लक्षात घ्या. नुसती भाकरी कुणीच देत नव्हतं. तिच्यासोबत दूध, निवळी, डाळी-कडधान्याचं पाणी असं काहीतरी असायचंच.

आपल्याकडे प्रश्न काय घालावं यापेक्षा कुणाचा वाटा किती, असा होता. पितृपक्षात गाईचा, कावळ्याचा तसा कुत्र्याचाही घास वेगळा काढतात. खंडोबाच्या घराण्यांत चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याच्या नैवेद्यातलं कुत्र्यालाही मिळतं. पारशी समाजात जेवायला बसण्याआधी कुत्र्यासाठी घास काढून ठेवायची चाल होती, ‘कुतरानो बूक’ म्हणायचे तिला. आणि नामदेवांची गोष्ट तर मराठी मुलाला शाळेतच कळते. कुत्र्यानं भाकरी पळवली, तर हे तुपाची वाटी घेऊन मागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून! (हीच वाटी आपल्या तीस किलोच्या लॅब्रेडॉरसमोर रोज धरली, तर त्याचं स्वादुपिंड सुजतं, असं डॉक्टर सांगतात. नामदेवांच्या कुत्र्याला पळायचा व्यायाम तरी होता.)

आमच्या घरांत कुत्रा उंबऱ्याच्या आत येत नाही, हे तुम्हाला माहीत असेल. पण कुराणात शिकवून तयार केलेल्या शिकारी कुत्र्यानं आणलेली शिकार हलाल ठरवली आहे, आणि तहानेल्या कुत्र्याला जोड्यातून विहिरीचं पाणी काढून पाजणाऱ्याचे गुन्हे माफ झाल्याची हदीसही लहानपणापासून ऐकवतात. त्यामुळे उंबऱ्याबाहेरचा त्याचा तुकडा ठरलेला. अकबराच्या दरबारी तर हिशेबच ठरलेला होता. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त नोंद आहे, की खाशा कुत्र्याला रोज दोन शेर मांस आणि इतरांना दीड शेर. दोन शिकारी कुत्र्यांमागे एक माणूस. बादशहाचा कुत्रा मांसावर आणि धनगराचा भाकरी-ताकावर, म्हणजे कुत्र्याची थाळी ही धन्याच्या ऐपतीची थाळी.

हा घासाचा संबंध किती घट्ट होता, ते १८३२ मध्ये मुंबईनं पाहिलं. मोकाट कुत्रे मारण्याचा इंग्रज सरकारचा हुकूम होता. ६ जून रोजी शिपाई कोटात कुत्रे मारू लागले, तेव्हा पारशी मंडळींनी त्यांना अडवलं, मारहाण झाली. दुसऱ्या दिवशी बाजार बंद पडला, गोऱ्या पलटणीचा पाणी-रसद पुरवठाही अडला. इतर समाजांचे लोकही सामील झाले आणि शेवटी लष्कर बोलवावं लागलं. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकारानं मुंबईची पांजरपोळ उभी राहिली. सरकारच्या लेखी ते बेवारशी कुत्रे होते. ज्या घरांतून त्यांना रोज घास जात होता, त्यांच्या लेखी ते बेवारशी नव्हते.

आता मी ज्या भागाकडे वळतो, तो सांगताना मला नेहमी जड जातं. पोषणाचं म्हणून जे विज्ञान आज आपण पाकिटावर वाचतो, ते आलं कुठून? बऱ्याच अंशी उपाशी ठेवलेल्या कुत्र्यांकडून.

१८१६ मध्ये फ्रान्सच्या फ्रांस्वा माजांदी या शरीरशास्त्रज्ञानं एका कुत्र्याला फक्त साखर आणि पाणी देऊन बघितलं. साखर हवी तेवढी. पहिला आठवडा कुत्रा मजेत होता. मग वाळत गेला, डोळ्यांत जखमा झाल्या आणि महिन्याभरानं मेला. मग नुसतं तेल, नुसतं लोणी, नुसता डिंक. प्रत्येक वेळी तोच शेवट. पोट भरणं आणि पोसलं जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे असं सिद्ध झालं. त्या काळी पॅरिसमध्ये हाडं उकळून काढलेला जिलेटिनचा रस्सा गरिबांना आणि इस्पितळातल्या रुग्णांना मांसाऐवजी दिला जात होता. स्वस्त आणि मस्त म्हणून त्याचा गाजावाजा होता. त्याची तपासणी करायला नेमलेल्या समितीचे प्रमुख माजांदीच होते. समितीनं तो कुत्र्यांना घालून पाहिला आणि १८४१ मध्ये निर्णय दिला, की एवढ्यावर जीव जगत नाही. गरिबाच्या वाडग्यात काय असावं, याचा निवाडा कुत्र्याच्या वाडग्यात झाला.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास इंग्लंडमध्ये मुलांना मुडदूस फार होई. पाय वाकायचे, छाती पिंजऱ्यासारखी व्हायची. एडवर्ड मेलनबी यांनी पिल्लांना मुख्यतः ओटच्या लापशीसारख्या आहारावर, घरात कोंडून ठेवलं. पिल्लांना मुडदूस झाला. कॉड माशाच्या यकृताचं तेल दिलं, तो बरा झाला. यातून पुढे ड जीवनसत्त्वाचा शोध लागला. आज आपल्याला माहीत आहे, की माणसाच्या कातडीत उन्हानं ड जीवनसत्त्व पुरेसं तयार होतं, कुत्र्याच्या कातडीत मात्र अगदीच नगण्य. त्याला ते अन्नातूनच मिळावं लागतं. ‘उन्हात सोडतो की रोज’ म्हणून भागत नाही, ते यामुळे.

याच सुमारास अमेरिकेच्या दक्षिण भागात मका खाऊन राहणाऱ्या गरिबांत पेलाग्रा हा रोग थैमान घालत होता. कातडी सोलते, जुलाब होतात, माणूस भ्रमिष्ट होतो. जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरनं तो संसर्गाचा नसून अन्नाचा रोग असल्याचं दाखवलं, आणि त्या भागातल्या कुत्र्यांना होणारा ‘काळ्या जिभेचा’ आजार हा त्याचाच भाऊ असल्याचं ओळखलं. साहजिकच होतं. धनी मक्यावर, कुत्राही मक्यावर. गोल्डबर्गर १९२९ मध्ये वारले. १९३७ मध्ये कॉनराड एल्व्हेजेम यांनी निकोटिनिक अ‍ॅसिड, म्हणजे आपण ज्याला नायसिन म्हणतो ते, काळी जीभ झालेल्या कुत्र्याला दिलं आणि तो उठून उभा राहिला. त्यानंतर माणसंही बरी होऊ लागली.

ही गोष्ट तिकडचीच, असं समजू नका. दख्खनमध्ये ज्वारीवरच गुजराण करणाऱ्यांतही पेलाग्रा आढळायचा. हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत, जी १९६९ मध्ये राष्ट्रीय पोषण संस्था झाली, डॉ. सी. गोपालन आणि भवानी बेलवाडी यांनी कुत्र्यांना ज्वारीचा आहार दिला आणि त्यांना काळी जीभ झाली. १९६५ मध्ये हे प्रसिद्ध झालं. आपल्या ज्वारीच्या भाकरीची ही परीक्षाही कुत्र्यानंच दिली. तेव्हा ‘आमचे कुत्रे भाकरीवर जगले’ म्हणणाऱ्या आजोबांना मी नम्रपणे विचारतो: नुसत्या भाकरीवर? ताक होतं. वाड्यात बकरं कापलं की हाड-आतडं होतं. आणि रात्री तो कुत्रा बांधावर कुठे फिरायचा, काय उंदीर-घुशी मारून खायचा, हे कुणी बघितलं? आजचा फ्लॅटमधला कुत्रा भाकरी तेवढी खातो. बांध त्याला कुठला?

बाजाराचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो पुष्कळसा जाहिरातीचाच आहे. १८६० च्या सुमारास जेम्स स्प्रॅट नावाचा अमेरिकन विजेपासून बचावाच्या सळया विकायला लंडनला आला. बंदरावरची कुत्री खलाशांची टाकलेली कडक बिस्किटं खाताना त्याला दिसली, असं सांगतात. त्यानं गहू, भाज्या, बीट आणि मांसाचा अंश घालून कुत्र्यांची बिस्किटं काढली, आणि ती खपवली श्रीमंतांच्या शिकारी कुत्र्यांसाठी. त्याच्याकडे नोकरीला लागलेला चार्ल्स क्रफ्ट हा पोरगा पुढे जगप्रसिद्ध श्वानप्रदर्शनाचा जनक झाला. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत मोटारी आल्या, घोडे बेकार झाले, आणि १९२२ पासून घोड्याचं मांस डब्यात भरून कुत्र्यांसाठी विकलं जाऊ लागलं. दुसऱ्या महायुद्धात पत्र्याची टंचाई झाली, डबे बंद पडले आणि कोरडं खाणं पुढे आलं. १९५७ मध्ये प्युरिना कंपनीनं आज आपण बघतो तसे दाणे बाजारात आणले. पिठाचा गोळा उष्णता आणि दाबाखाली साच्यातून बाहेर पडतो आणि कुरमुऱ्यासारखा फुलतो. म्हणजे पाकिटाचा आकार ठरवला तो कुत्र्याच्या दातांनी नव्हे. तो ठरवला युद्धातल्या पत्र्यानं आणि यंत्रानं. मग १९६० च्या दशकात तिकडच्या उत्पादकांनी पद्धतशीर प्रचार केला, की घरचं उरलंसुरलं कुत्र्याला घालणं धोक्याचं. हजारो वर्षांची मागच्या दारची थाळी एका पिढीत अडाणीपणा ठरली.

तरीही पाकिटाला नुसतं हिणवणं बरोबर नाही. २००७ मध्ये चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइनची भेसळ निघाली, मूत्रपिंडं निकामी होऊन अमेरिकेत कुत्री-मांजरं मेली आणि कितीतरी नामांकित पाकिटं परत घ्यावी लागली, हे खरं. २०१८ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनानं ‘धान्यविरहित’ म्हणून मिरवणाऱ्या, वाटाणा-मसूर भरलेल्या खाण्याचा आणि कुत्र्यांच्या हृदयविकाराचा संबंध तपासायला घेतला, त्याचा ठाम निकाल अजून नाही. पण दुसरी बाजूही ऐका. २०१३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी पुस्तकांतल्या आणि इंटरनेटवरच्या घरगुती श्वानआहाराच्या २०० पाककृती तपासल्या. त्यातल्या ९५ टक्के पाककृतींत एक ना एक आवश्यक घटक कमी निघाला, आणि यातल्या काही पाककृती खुद्द पशुवैद्यांनी लिहिलेल्या होत्या.

मग घरात काय करावं? अमेरिकेतल्या प्रमाणांनुसार मोठ्या कुत्र्याच्या अन्नात, पाणी वगळून, निदान १८ टक्के प्रथिनं हवीत, वाढत्या पिल्लाच्या अन्नात साडेबावीस. आपल्या गव्हाच्या पिठात ती साधारण अकरा-बारा टक्के असतात, तांदळात सात-आठ. दूध-पोळीचं गणित इथेच चुकतं. नुसतं मांस घातलं तरी चुकतं, कारण मांसात कॅल्शियम फार कमी. पिल्लाची हाडं त्यानं ठिसूळ होतात. उकडलेली अंडी, चिकन, मासे, मऊ शिजवलेली डाळ, भात किंवा भाकरी, भोपळा-गाजर हे सगळं कुत्र्याला चालतं. पण रोज घरचंच घालायचं ठरवलं, तर कॅल्शियम आणि जीवनसत्त्वांची पूड किती, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावं. पिल्लाला आणि गाभण कुत्रीला तर पाकिटच सोयीचं. त्यावर ‘पूर्ण आणि संतुलित’ असं लिहिलंय का, कोणत्या वयासाठी लिहिलंय, एवढं बघावं. शाकाहारी घरात अंडं चालत असेल तर बराच प्रश्न सुटतो. तेही नको असेल, तर मनानं काही न करता जाणकाराच्या सल्ल्यानं करावं. कुत्रा मांजरासारखा अट्टल मांसाहारी नाही, तेव्हा ते अशक्य नाही.

आपल्या स्वयंपाकघरातल्या चार गोष्टींना मात्र हात लावू देऊ नये. कांदा-लसूण, म्हणजेच आपला सगळा रस्सा. त्यानं कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. मनुके आणि द्राक्षं, म्हणजे शिऱ्यातला आणि खिरीतला तो चुकार मनुकासुद्धा. यानं मूत्रपिंड जाऊ शकतं. चॉकलेट. आणि बिनसाखरेच्या च्युइंगममधलं झायलिटॉल. शिजवलेलं कोंबडीचं हाडही नको, त्याच्या काचेसारख्या कपच्या होतात. आजीच्या थाळीत कांद्याचा रस्सा क्वचितच पडायचा, कारण तो माणसांनाच पुरत नसे.

आणि प्रमाण. प्युरिनानंच ४८ लॅब्रेडॉर पिल्लांच्या जोड्या लावून त्यांना जन्मभर पाहिलं. जोडीतल्या एकाला भरपूर, दुसऱ्याला त्याच्यापेक्षा पंचवीस टक्के कमी. खाणं तेच, माप वेगळं. २००२ मध्ये निकाल आला. भरपूर खाणारे सरासरी ११.२ वर्षं जगले, कमी खाणारे १३. पाकिटं विकणाऱ्या कंपनीनंच ‘कमी घाला’ असं सिद्ध करावं, याची मला मोठी मौज वाटते. कमी खाणाऱ्यांचे सांधेही उशिरा दुखू लागले. तेव्हा वाटीसोबत एक मापाचा डबा ठेवावा, जेवताना टेबलाखाली जाणारा हात आवरावा, आणि आठवड्यातून एकदा कुत्र्याच्या कुशीवरून पंजा फिरवावा. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत, डोळ्यांना मोजता येता कामा नयेत.